डबीतली टर्की

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत एप्रिल उजाडला की टर्कीचे शिकारी पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसतात आणि खिशातून एक लांबट लाकडी डबी काढतात. डबीचं झाकण कडेवर हलकेच सरकवलं की टर्कीच्या मादीची साद उमटते. हा ‘बॉक्स कॉल’. काम मात्र अवघड. विणीच्या काळात नर पिसारा फुलवून हाका मारतो आणि बहुतेक वेळा मादीच त्याच्याकडे जाते. इथे नरानं उठून यायचं असतं. आवाजात जरा खोट आढळली, तर तो जागचा हलत नाही. म्हणून कारागीर सगळ्यात जास्त डोकं खर्च करतात ते लाकडावर.

डबीची रचना साधी आहे. वीतभर लांबीचं पोकळ खोकं, दोन पातळ भिंती, वर एका टोकाला स्क्रूनं जोडलेलं मुठीचं झाकण. आर्कान्साच्या डार्डानेल गावातल्या हेन्री गिब्सन यांनी अशा डबीचं पेटंट १८९७ मध्ये मिळवलं. पुढे अलाबामातले एम. एल. लिंच यांनी ती घरोघरी पोचवली, तर साउथ कॅरोलायनातले नील कॉस्ट यांच्या लांब डब्यांना आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात. सव्वाशे वर्षांत मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

झाकणाच्या खालच्या बाजूला किंचित गोलाई असते आणि तिच्यावर खडू घासलेला असतो. भिंतीचा वरचा काठ तासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ठेवतात. झाकण सरकताना खडूमुळे काठाला क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवर हेच करतो. ही थरथर भिंतीत उतरते आणि पोकळी ती मोठी करते. मादीच्या हाकेत आधी उंच, स्वच्छ स्वर येतो आणि मग तो फुटून खाली, खरखरीत स्वरात उतरतो. हा उतार काठाच्या कमानीतून आणि झाकणाच्या गोलाईतून साधायचा असतो.

झाकण आणि खोकं एकाच लाकडाचं असावं असा नियम नाही. उलट बहुतेक कारागीर जोड्या जुळवतात. खोक्यासाठी हलकं, सहज थरथरणारं लाकूड: ट्यूलिप पॉप्लर, लाल सीडार, चेरी, काळा अक्रोड, महोगनी. झाकणाला जड आणि घट्ट: अक्रोड, ओसेज ऑरेंज, पर्पलहार्ट, कोकोबोलो. मऊ लाकडातून भरड, घोगरा आवाज निघतो आणि कठीण लाकडातून टोकदार, असं मानतात. पण हा कल झाला, कायदा नव्हे. भिंत अर्ध्या मिलिमीटरनं पातळ केली तरी हिशेब उलटतो. फळी निवडताना रेषा सरळ हव्यात आणि शक्यतो वर्षवलयं फळीच्या रुंद बाजूला उभी छेदणारी हवीत. लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं फुगतं-आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं बदलतं. पावसाळी हवेत भिंतीचा काठ जागेवर राहणं या निवडीवर अवलंबून असतं.

आता खरा प्रश्न. हातातली फळी नक्की कशाची आहे? पुष्कळ कारागिरांचा माल पडक्या कोठारांतून, जुन्या फर्निचरमधून, गिरणीच्या उरल्या तुकड्यांतून येतो. त्यावर नाव लिहिलेलं नसतं आणि रंग फसवा असतो. पॉप्लरचा हिरवट गाभा उजेडात तपकिरी होतो. चेरी गडद होत जाते. सीडारचा जांभळट लाल रंगही फिका पडतो. म्हणून पहिली चाचणी वजनाची, दुसरी नाकाची. ताज्या कापाला सीडारचा पेन्सिलीसारखा वास येतो. हे झाड नावापुरतंच सीडार. वनस्पतिशास्त्रात ते ज्युनिपर, आणि त्याच्यापासून पेन्सिली बनतच असत. सासाफ्रास दालचिनीच्या कुळातलं, त्याचा मसालेदार वास लपत नाही. ओसेज ऑरेंज फणस-तुतीच्या कुळातलं. त्याचा भुसा कोमट पाण्यात टाकला की पाणी पिवळं होतं. ट्यूलिप पॉप्लर तर आपल्या सोनचाफ्याचा भाऊबंद.

तिसरी चाचणी भिंगाची. फळीचं टोक धारदार पात्यानं स्वच्छ कापायचं आणि दसपट भिंगातून छिद्रं पाहायची. चेस्टनट, सासाफ्रास, ओसेज यांत वसंतातली छिद्रं मोठी, एका पट्ट्यात, वलयागणिक ठळक. चेरी आणि पॉप्लरमध्ये ती बारीक आणि सगळीकडे पसरलेली. अक्रोड मधला: छिद्रं मोठ्याकडून लहानाकडे हळूहळू उतरतात. चेस्टनट आणि ओक दुरून सारखे दिसतात, पण ओकच्या छेदात केंद्राकडून निघालेले रुंद किरण नुसत्या डोळ्यांना दिसतात, चेस्टनटमध्ये तसे दिसत नाहीत.

हा फरक महत्त्वाचा, कारण अमेरिकन चेस्टनट आता जंगलात झाड म्हणून जवळजवळ उरलेला नाही. त्याला लागलेली बुरशी १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात प्रथम लक्षात आली आणि पन्नासेक वर्षांत सुमारे चार अब्ज झाडं गेली. त्याची फळं टर्कीचाही आहार होती. आज जुन्या कोठारांच्या तुळयांतून मिळणारं, किड्यांनी टोचलेलं चेस्टनट बॉक्स कॉलवाल्यांना फार प्रिय आहे. ओकला चेस्टनट म्हणून खपवणारे म्हणूनच भेटतात. संपत आलेली टर्की मात्र परतली: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला, पकडलेल्या टर्की नव्या जंगलांत सोडल्या गेल्या. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या अधिवेशनात आजही कॉल बनवण्याच्या स्पर्धा भरतात.

नाव ओळखलं म्हणजे आवाज मिळाला असं नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यांची घनता वेगळी निघते. म्हणून कारागीर फळीवर बोटानं टकटक करून ऐकतो आणि मग काठावर एकेक फेर तासत, खडू लावून पुन्हा ऐकत जातो. मिरजेचा तंतुवाद्य कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, तितक्याच सबुरीचं हे काम. जास्त तासलं की परत भरता येत नाही.

नावाला कायद्याचंही वजन आहे. कोकोबोलो डालबर्जिया वंशातलं. सह्याद्रीतली शिसवही त्याच वंशातली. २०१७ च्या जानेवारीपासून जवळपास अख्खा वंश आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या ‘साइट्स’ यादीत गेला. तेव्हा शिसवीच्या भारतीय वस्तू निर्यात करणाऱ्यांना आणि कोकोबोलोचं झाकण असलेली डबी सीमेपलीकडे पाठवणाऱ्यांना कागदपत्रं दाखवणं भाग पडलं.

म्हणूनच चांगले कारागीर डबीच्या तळाशी सहीबरोबर साल आणि दोन्ही लाकडांची नावं लिहितात. घेणाऱ्याला त्यातून खरेपणा कळतो. बनवणाऱ्याला त्याहून मोठा फायदा होतो: एखादी डबी विलक्षण बोलली, तर पुढची फळी कुठून शोधायची हे त्याला ठाऊक असतं.