कॉलेजात नवी सोरोरिटी येते म्हणजे नेमकं काय होतं?

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी दर दोन वाक्यांनी म्हटलेलं 'म्हणजे बघा' बऱ्यापैकी कापलंय. बाकी जसं बोलले तसंच.)

इयरफोन लावलेत ना? चला.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मामेबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती टेक्सासमधल्या एका युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडे दुपारचा एक वाजला होता. म्हणाली, "ताई, एक विचारायचंय. पण बाबांना एवढ्यात सांगू नकोस."

मला वाटलं, झालं, कोणीतरी मुलगा आहे. पण नाही. तिच्यासमोर दोन पर्याय होते. एक, तिच्या कॅम्पसवर एक मोठी राष्ट्रीय सोरोरिटी नव्याने येत होती आणि त्यांना पहिल्या तुकडीसाठी मुली हव्या होत्या. दोन, तिच्या चार भारतीय मैत्रिणी एका दक्षिण आशियाई सोरोरिटीची शाखा स्वतःच सुरू करायच्या मागे होत्या. दोन्हीकडे ती 'संस्थापक सदस्य' होणार होती. आणि दोन्हीकडे पैसे, वेळ आणि मामाचा ओरडा, तिन्ही ठरलेलं.

मला सोरोरिटी म्हणजे फक्त त्या रील्स माहीत होत्या. २०२१ साली अलाबामाच्या मुलींचे 'आज मी काय घातलंय' सांगणारे व्हिडिओ जगभर फिरले, ते. पण पोरीने विश्वासाने विचारलं होतं. म्हणून दोन आठवडे ऑफिस सुटल्यावर वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते.

०२:१० | आधी दोन मिनिटं इतिहास

अमेरिकेत कॉलेजं मुलींसाठी उघडली तरी मुलांच्या फ्रॅटर्निटीत मुलींना जागा नव्हती. मग त्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या. कॅपा अल्फा थीटा आणि कॅपा कॅपा गॅमा, दोन्ही १८७० सालच्या. 'सोरोरिटी' हा शब्द तेव्हा नव्हताच. तो नंतर गॅमा फाय बीटा या संस्थेसाठी एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी सुचवला. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. १९०२ मध्ये अशा संस्थांनी एकत्र येऊन नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स स्थापन केली. आपण तिला एनपीसी म्हणू. तिच्या छत्राखाली पंचवीसेक संस्था आहेत आणि त्यांच्या शाखा, म्हणजे चॅप्टर, शेकडो कॅम्पसवर.

आता गंमत बघा. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी संस्था काढली, आणि मग त्या संस्थांनीही दुसऱ्यांना बाहेर ठेवलं. कृष्णवर्णीय मुलींसाठी दार बंद होतं, म्हणून १९०८ मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीत अल्फा कॅपा अल्फा उभी राहिली. कमला हॅरिस याच संस्थेच्या. ज्यू मुलींनी १९०९ मध्ये अल्फा एप्सिलॉन फाय काढली. आपल्याकडच्या मुलींची पाळी आली १९९८ मध्ये. त्या एकाच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीत सिग्मा सिग्मा ऱ्हो, ऑस्टिनमध्ये कॅपा फाय गॅमा आणि ह्यूस्टनमध्ये डेल्टा फाय ओमेगा, अशा तीन दक्षिण आशियाई सोरोरिटी सुरू झाल्या. म्हणजे माझ्या बहिणीच्या मैत्रिणी काही जगावेगळं करत नव्हत्या.

०४:३० | नवी शाखा लागतेच कशाला?

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. कारण हा सरळ लोडचा प्रश्न आहे.

एनपीसीच्या कॅम्पसवर दोन आकडे महत्त्वाचे. एक 'कोटा': मुख्य भरतीत एका चॅप्टरला किती नव्या मुली घेता येतील. दुसरा 'टोटल': एका चॅप्टरचा एकूण आकार किती असावा. समजा कॅम्पसवर पाच चॅप्टर आहेत आणि यंदा तीनशे मुली आल्या. ढोबळ हिशेबाने कोटा साठ. पुढच्या काही वर्षांत चारशे यायला लागल्या तर कोटा ऐंशी. चॅप्टर फुगत जातात. दीडशे-दोनशे जणींच्या चॅप्टरमध्ये अर्ध्या 'बहिणींची' नावंही माहीत नसतात. बैठकीला पुरेल एवढी खोली मिळत नाही.

आपल्याकडे सर्व्हरवर लोड वाढला की दोनच उपाय असतात. आहे तोच सर्व्हर मोठा करा, नाहीतर बाजूला दुसरा उभा करा. सोरोरिटीतही तेच. टोटल वाढवत न्या, नाहीतर नवा चॅप्टर आणा. या दुसऱ्या उपायाला तिथे 'एक्स्टेन्शन' म्हणतात.

०६:०० | प्रक्रिया कशी चालते?

आपल्याला वाटतं, मोठी संस्था आली आणि शाखा उघडली. तसं नाही. एनपीसीच्या पद्धतीत आमंत्रण कॅम्पसकडून जावं लागतं.

कॅम्पसवरच्या सगळ्या चॅप्टरची मिळून एक पॅनहेलेनिक परिषद असते. ती आधी आकडे काढून बसते: गेल्या काही वर्षांत किती मुलींनी नाव नोंदवलं, किती मधूनच सोडून गेल्या, कोणते चॅप्टर भरले आणि कोणते रिकामे राहिले. मग मतदान. दार उघडायचं ठरलं की विद्यार्थिनी, माजी सदस्य आणि युनिव्हर्सिटीचे सल्लागार यांची समिती बसते आणि एनपीसीला कळवलं जातं. ज्या संस्थांचा तिथे चॅप्टर नाही त्या आपापली माहिती पाठवतात. त्यांतल्या दोन-तीन जणींना कॅम्पसवर सादरीकरणाला बोलावतात. अक्षरशः मुलाखतच. मग एकीला आमंत्रण. कधी कधी समिती एकाच वेळी दोन संस्था निवडून ठेवते, एक यंदा आणि दुसरी काही वर्षांनी.

निवड झाली की राष्ट्रीय संस्था आपली माणसं पाठवते. पंचविशीच्या आतबाहेरच्या, पगारी तरुण मुली. त्या कॅम्पसवर मुक्काम ठोकतात आणि कॉफी पीत एकेका मुलीला भेटतात. पहिली तुकडी बहुतेक वेळा मुख्य भरती आटोपल्यावर घेतली जाते. पुढे प्रशिक्षण होतं, पदाधिकारी ठरतात आणि शेवटी सनद देऊन रीतसर स्थापना. या मधल्या अवस्थेला पूर्वी 'कॉलनी' म्हणायचे. वसाहतवादाचा वास येतो म्हणून अलीकडे बऱ्याच संस्थांनी तो शब्द टाकून दिलाय.

दक्षिण आशियाई सोरोरिटीचा रस्ता उलटा, खालून वर जाणारा. आधी चार-पाच मुली जमतात, मग त्याच राष्ट्रीय संस्थेला गाठतात. किमान संख्या, मार्क, युनिव्हर्सिटीची मान्यता, सगळं त्यांनीच जमवायचं. पगारी माणूस येऊन राहत नाही. गूगल शीट, व्हॉट्सॲप ग्रुप आणि पदरचे पैसे, एवढ्यावर गाडी चालते.

०८:४० | मतदानात 'नको' कोण म्हणतं?

मला वाटलं होतं, मोठे चॅप्टर विरोध करत असतील. पण खरी भीती सगळ्यात लहान चॅप्टरला असते.

का, ते सांगते. भरतीत दोन्ही बाजू पसंतीक्रम देतात आणि शेवटी जुळवणी होते. यावर १९९१ मध्ये सुझन मॉन्जेल आणि ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी चक्क शोधनिबंध लिहिला होता. पुढे २०१२ मध्ये रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच जुळवणीच्या एकूण कामासाठी. त्यांच्या निबंधात एक गोष्ट ठळकपणे येते: कित्येक मुली शेवटच्या फेरीत एकच नाव लिहितात. 'हीच, नाहीतर कोणी नको.' थोडक्यात, आपल्याकडे ॲडमिशनला एकच कॉलेज भरणारी मंडळी!

नावाजलेले चॅप्टर तर भरतातच. लहान चॅप्टर मात्र मुख्य भरतीत अर्धवट राहतो आणि उरलेल्या जागा वर्षभर हळूहळू भरतो. नेमक्या त्याच काळात नवी संस्था येते आणि म्हणते, "आमच्याकडे या, तुम्ही संस्थापक व्हाल, नियम तुम्हीच ठरवाल." म्हणजे ज्या मुली लहान चॅप्टरकडे वळल्या असत्या, त्यांच्याच पुढे हे आमिष येतं. मुलींची संख्या खरंच वाढत असेल तर दोघी जगतात. ती वाढ एखाद-दुसऱ्या वर्षाची असेल, तर नवा चॅप्टर आणण्याच्या नादात जुना एक बंद पडतो.

१०:१५ | आमचा क्लब

इथे मला माझंच काहीतरी आठवलं. बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही पाच जणींनी कॉलेजात मुलींचा कोडिंग क्लब काढला होता. दर शनिवारी लॅब मिळावी म्हणून विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर तासन्‌तास उभ्या राहिलोय. तिसऱ्या वर्षी चाळीस मुली यायच्या. लोगो, टी-शर्ट, सगळं झालं. आम्ही पास झालो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत क्लब बंद.

बरीच वर्षं मी ज्युनिअर्सना दोष देत होते. हे वाचताना लक्षात आलं, चूक आमची होती. सगळी पदं आम्हा पाच जणींकडे होती आणि आम्ही पाचही एकाच बॅचच्या. लॅबची किल्ली कुणाकडून घ्यायची हेसुद्धा दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला संस्थापक व्हायचं होतं. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही.

नव्या सोरोरिटीचंही असंच होतं. पहिली तुकडी उत्साहात येते, फोटो निघतात, सनद मिळते. खरी परीक्षा दोन-तीन वर्षांनी, पहिली तुकडी पदवी घेऊन निघून जाते तेव्हा. मोठ्या राष्ट्रीय संस्थेचा आधार असला तर धक्का थोडा कमी बसतो. पण हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मुलींच्या चॅप्टरमध्ये चार जणी एकदम गेल्या, तर कुलूपच.

११:५० | तिला मी काय सांगितलं

'ही घे' किंवा 'ती घे' असं मी सांगितलं नाही. तीन प्रश्न दिले. तुमच्यापैकी कुणी अशा निवडीसमोर असाल, सोरोरिटी असो नाहीतर गावातलं नवं ढोलपथक, तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक: ही जागा खरंच रिकामी आहे का? गेल्या तीन-चार वर्षांचे आकडे मागायचे. पॅनहेलेनिक परिषदेकडे ते असतात.

दोन: खर्च लेखी द्या. दर सत्राची फी, नव्या सदस्याचं शुल्क, कपडे, कार्यक्रम. कॅम्पसनुसार हा आकडा शेकडो डॉलरपासून हजारोंपर्यंत जातो. संख्या कमी असली की सभागृहाचं तेच भाडं कमी डोक्यांत वाटलं जातं, हेही धरायचं.

तीन: पहिल्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुली किती आहेत?

तिसऱ्या प्रश्नावर ती गप्प झाली. तिच्या चार मैत्रिणींपैकी तिघी तिसऱ्या वर्षाला. म्हणजे सनद मिळेस्तोवर त्यांचं बॅगा भरणं सुरू.

मागच्या रविवारी तिचा परत फोन आला. मोठ्या सोरोरिटीला तिने नम्रपणे नाही कळवलं. आकडे बघता ती तिच्याशिवायही भरणार होती. मैत्रिणींना मात्र तिने अट घातली: पहिल्या वर्षाच्या निदान चार मुली मिळाल्याशिवाय अर्ज करायचा नाही. आत्तापर्यंत दोन मिळाल्यात. एक सोलापूरची आहे आणि नवरात्रात गरबा सोडून भोंडला करायचाच, असा तिचा हट्ट आहे.

"आणि बाबांना सांगितलंस का?"

"सांगितलं. ओरडले नाहीत गं. एवढंच विचारलं, फी कोण भरणार."

"मग?"

"लायब्ररीत काम धरलंय ताई. आठवड्याला दहा तास."

चला मंडळी, आज इथेच थांबते. तुमच्या कॉलेजात तुम्ही सुरू केलेलं काही अजून चालू असेल, तर ते पुढे कुणाच्या हातात दिलंत ते व्हॉइस नोट करून पाठवा. बंद पडलं असेल तर तेही पाठवा, मी आहेच सोबतीला. पुढच्या भागात भेटू.