काळोखातला खेळ आणि खेळणाऱ्यांची मते

हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथे उजनी जलाशयाच्या काठावर उभे राहून पाहावे. पाण्यावर धुके असते. काठाजवळची होडी आणि तिच्यातला जाळे ओढणारा माणूस अगदी काळा दिसतो. त्यापलीकडची झुडपे करडी दिसतात आणि पैलतीर तर इतका फिकट, की तो आहे की नाही अशी शंका यावी. माणसाचा सदरा कोणत्या रंगाचा, त्याचे तोंड आपल्याकडे आहे की पलीकडे, यातले काहीच कळत नाही. होडी जवळ आहे आणि तीर लांब आहे, हे मात्र बिनचूक कळते.

असाच काळा, करडा आणि पांढरा देखावा घेऊन डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरातल्या प्लेडेड नावाच्या एका लहानशा मंडळीने ‘लिंबो’ हा व्हिडिओ गेम तयार केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्याची मूळ कल्पना आर्न्ट येन्सेन या चित्रकाराची. एक लहान मुलगा हरवलेल्या बहिणीला शोधत अंधाऱ्या रानातून चालला आहे, एवढीच गोष्ट. गोष्ट सांगणारे एक वाक्य पडद्यावर उमटत नाही, कोणी एक शब्द बोलत नाही. मुलगा म्हणजे एक काळी आकृती आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. खेळणाऱ्याने उड्या मारीत, दोरावर चढत, पेट्या सरकवीत वाटेतली कोडी सोडवायची. चुकले की मुलगा मरतो आणि थोड्या मागच्या जागेवरून पुन्हा सुरुवात होते. हे मरण बरेच भेसूर आहे, तेव्हा हा खेळ अगदी लहान मुलांसाठी नाही हे आधीच सांगितलेले बरे.

या खेळाविषयी खेळणाऱ्यांनी जी मते दिली ती मोठी गमतीची आहेत. पुष्कळांनी त्याला डोक्यावर घेतले. ‘याला वातावरण आहे’ हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी. काहींनी मात्र ‘नुसता अंधार, त्यात काय पाहायचे?’ असे विचारले. एकाला कोडी चोख वाटली, तर दुसऱ्याला तीच कोडी फसवणूक वाटली. शेवट कोणाला सुंदर वाटला, कोणाला अर्धवट. खेळ तर सर्वांना एकच मिळाला होता! मग मते इतकी वेगळी का? विद्यार्थीमित्रांनो, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे असे म्हणून आपण तो सोडून देतो. पण त्यातला बराचसा भाग विज्ञानाने उलगडण्याजोगा आहे.

प्रथम ‘वातावरण’ हा शब्दच घेऊ. खेळणाऱ्यांना त्यातून मनावर पडणारा ठसा अभिप्रेत असतो. पण तो ठसा उमटतो तो खऱ्याखुऱ्या वातावरणाच्या, म्हणजे हवेच्या, एका गुणधर्मामुळे. धुक्यातील पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात. यालाच आपण प्रकाशाचे विकिरण म्हणतो. दूरच्या होडीकडे आपण पाहतो तेव्हा आपल्या आणि होडीच्या मध्ये असलेले असंख्य थेंब आकाशाचा उजेड आपल्या डोळ्यांकडे वळवीत असतात. काळ्या होडीचा स्वतःचा प्रकाश जवळजवळ नसतोच. त्यामुळे तिच्यावर हा परका उजेड जितका चढेल, तितकी ती फिकी दिसते. समजा, धुके असे आहे की शंभर मीटरमध्ये वस्तू आणि तिच्या मागचे आकाश यांतील उजेडाचा फरक निम्मा होतो. मग दोनशे मीटरवर तो पाव उरेल, तीनशे मीटरवर एक अष्टमांश. आपल्या मेंदूला हे गणित कोणी शिकवलेले नसते, तरी फिके ते लांब हा हिशेब तो लहानपणापासून करीत आलेला असतो. सह्याद्रीच्या घाटात एकामागून एक डोंगररांगा फिक्या होत गेलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तेथेही हेच घडते, फक्त धुक्याऐवजी हवेचे रेणू आणि धूळ हे काम करतात.

‘लिंबो’च्या चित्रकारांनी हीच युक्ती योजली आहे. पुढची झाडे काळीकुट्ट, त्यांच्या मागची करडी, त्याहून मागची धूसर. त्याला जोड दिली आहे ती पराशयाची. एस.टी.च्या खिडकीतून पाहताना रस्त्याकडेची बाभळ झर्रकन मागे पळते आणि दूरची टेकडी बराच वेळ आपल्याबरोबर येते, हा अनुभव पुणे–सोलापूर रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला असेल. पडद्यावरही पुढचा थर वेगाने आणि मागचा सावकाश सरकवला, की सपाट चित्राला खोली येते. रंग एकही न वापरता भलेमोठे रान उभे राहते ते असे.

आता काळ्या आकृतीकडे वळू. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वस्तूवर उजेड पडला की तिचे चढउतार, रंग, पोत हे सारे दिसते. वस्तूच्या मागे उजेड असला की उरते ती केवळ कड. डोळ्यांना मिळणारी माहिती एकदम कमी होते आणि राहिलेली जागा मेंदूला स्वतः भरावी लागते. याच कोपनहेगनमध्ये एडगर रुबिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९१५ साली त्यांनी आकृती आणि पार्श्वभूमी यांवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. फुलदाणी म्हणून पाहिले तर फुलदाणी आणि कडांकडे पाहिले तर समोरासमोरचे दोन चेहरे, असे जे चित्र मानसशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत असते, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. चित्र तेच, शाई तीच; पण एका वेळी एकच आकार दिसतो आणि कोणता दिसावा हे चित्र ठरवीत नाही.

याचा पडताळा शाळेत सहज घेता येईल. पुठ्ठ्याची एक बाहुली कापा. तिचा एक हात लांब पसरलेला असू द्या. ती दोऱ्याला टांगून पांढऱ्या चादरीच्या अगदी जवळ धरा आणि विजेचा दिवा तिच्यापासून शक्य तितका दूर ठेवा. दिवा जवळ असला तर पुढे आलेल्या हाताची सावली मोठी दिसेल आणि उत्तर फुटेल. मुलांना चादरीच्या दुसऱ्या बाजूला बसवा. बाहुली सावकाश फिरवा आणि ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते की उलट, ते प्रत्येकाला मुकाट्याने कागदावर लिहायला सांगा. सर्वांचे उत्तर एक येणार नाही. काही मुले तर मध्येच दिशा बदलली असे लिहितील. बाहुली पुढच्या अर्ध्या फेरीत आहे की मागच्या, ही माहिती सावलीत नाहीच. तेव्हा येथे दोन्ही गट प्रामाणिक आहेत. एकाने चूक पाहिले असे म्हणण्यात अर्थ नाही.

काळोख्या खेळाबद्दलच्या मतांत असेच काहीसे होते. पडद्यावर जे दाखवलेले नाही ते ज्याने आपल्या भीतीने, आठवणींनी भरले त्याला खेळ भारलेला वाटतो. ज्याने भरले नाही त्याला तो रिकामा वाटतो. आवाजाचीही तीच गत आहे. मार्टिन स्टिग अँडरसन यांनी ‘लिंबो’साठी नेहमीसारखे संगीत जवळजवळ टाळलेच. वारा, पाण्याची ठिबक, दूरची घरघर, एवढ्यावरच भर दिला. आता घाबरा, आता हळवे व्हा, असे बजावणारी सतार-व्हायोलिने त्यात नाहीत. ज्यांना अशा खुणेची सवय आहे त्यांना हे सुने वाटणे स्वाभाविक आहे.

दोन तक्रारी मात्र वेगळ्या जातीच्या आहेत आणि त्या सावल्यांच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. पहिली, फार वेळा मरावे लागते ही. तिचा निवाडा करायला एक सोपी कसोटी आहे. मरण आल्यावर ‘का मेलो’ हे खेळणाऱ्याला कळले का? कळले असेल तर ते कोडे आहे. न कळता नुसतेच पाठ करावे लागत असेल तर तो सापळा. ‘लिंबो’त दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. दुसरी तक्रार किमतीची. सुरुवातीला त्याची किंमत पंधरा डॉलर होती आणि खेळ तीन-चार तासांत संपतो. काहींनी तास मोजले आणि महाग म्हटले. इतरांनी तास मोजलेच नाहीत. मोजपट्ट्याच वेगळ्या असल्यावर भांडण मिटायचे कसे?

हे सारे परदेशातले झाले. आपल्या पुणे जिल्ह्यातही याच्या जवळपासचे एक उदाहरण घडले आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ आणला. ‘लिंबो’त भाऊ बहिणीला शोधतो, तर येथे राजी नावाची मुलगी गोलू या धाकट्या भावाला शोधते. खेळ अंधारा नाही. उलट महाल, किल्ले आणि रंग यांची त्यात रेलचेल आहे, आणि कोड्यांपेक्षा लढाईला जागा अधिक आहे. पण गोष्ट सांगण्याची वेळ आली की तो सावल्यांकडे वळतो आणि छायाबाहुल्यांच्या खेळातून कथा पुढे सरकते. ही कला आपल्याला परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

‘राजी’ घडवणे सोपे गेले नाही. २०१७ साली लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न झाला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपले घर विकून काम चालू ठेवले. पुढे बाहेरून अनुदान मिळाले. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत ‘राजी’चे नाव होते. खेळणाऱ्यांनी देखावे आणि संगीत यांचे कौतुक केले. लढाई तितकी रंगत नाही, खेळ लवकर संपतो आणि शेवट मध्येच तुटल्यासारखा होतो, असेही म्हटले. घर विकून केलेल्या कामाला असे ऐकून घेणे जड जात असेल. पण घर विकले म्हणून शेवट पुरा होत नाही. माझ्या मते शेवटाविषयीचा तो आक्षेप रास्तच होता.

अशा लहान मंडळींचे पुढचे सारे या मतांवर अवलंबून असते, म्हणून मते कशी तयार होतात हेही पाहिले पाहिजे. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या अमेरिकेतील तिघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी गायकांची ४८ गाणी घेतली आणि चौदा हजारांहून अधिक लोकांना ती ऐकवली. काहींना फक्त गाणी दिली. इतरांचे आठ गट केले आणि प्रत्येक गटात आधीच्या किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले तो आकडा दाखवला. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे पडली. गंमत अशी, की एका गटात वर गेलेले गाणे दुसऱ्या गटात वर जाईलच असे नव्हते. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. गाणी तीच होती. पहिल्या काही ऐकणाऱ्यांच्या आवडीने पुढच्यांना वाट दाखवली होती.

सरासरीनेही फसगत होते. समजा, वीस मुलांच्या वर्गाने एका खेळाला दहापैकी गुण दिले. दहा मुलांनी ९ आणि दहा मुलांनी १. सरासरी आली ५. वर्गातल्या एकाही मुलाने ५ गुण दिलेले नाहीत! दुसऱ्या एखाद्या खेळाला सर्वांनी ५ दिले तरी सरासरी ५ च येईल. पहिल्या खेळाने वर्ग दुभंगला आणि दुसऱ्याने कोणालाच हलवले नाही, ही गोष्ट त्या एका आकड्यात हरवते. म्हणून शिक्षकांनी गुण फळ्यावर मांडताना सरासरी न काढता १ ते १० च्या रकान्यांत फुल्या मारून मांडावेत. काळोख्या खेळांच्या बाबतीत पुष्कळदा दोन उंचवटे दिसतील.

हा प्रयोग बाहुलीबरोबरच करून पाहा. वर्गाचे दोन भाग पाडा. एका भागाने फिरण्याची दिशा गुपचूप लिहावी. दुसऱ्या भागातील मुलांनी एकेक उठून मोठ्याने सांगावी, आणि सांगितलेली उत्तरे फळ्यावर दिसू द्यावीत. नंतर बाहुली काढून तिच्या तोंडात डोळ्यांच्या जागी दोन भोके पाडा, म्हणजे सावलीत ‘लिंबो’तल्या मुलासारखे दोन पांढरे ठिपके दिसतील. भोके आरपार असल्याने ती पुढून आणि मागून सारखीच दिसतात. बाहुली स्थिर धरून विचारा, हिचे तोंड कोणाकडे आहे? ‘आमच्याकडे पाहते आहे’ असे किती जण लिहितात ते मोजा.