खान्देशातील सदनिकाधारकांच्या संस्था : सोसायटी, अपार्टमेंट आणि जमिनीचा हक्क

प्रस्तावना

जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिकांचे २००३ मध्ये महानगरपालिकांत रूपांतर झाले. धुळ्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांत घर आणि त्याखालची जागा बहुधा एकाच कुटुंबाची असे. देवपूर किंवा महाबळ भागातील बहुमजली इमारतीत मात्र सदनिका अनेकांच्या, तर जमीन, जिना, गच्ची व पाण्याची टाकी सर्वांची असते. ही सामाईक मालमत्ता कोणाच्या नावे असावी, याची महाराष्ट्रात दोन भिन्न कायदेशीर उत्तरे आहेत. खरेदीचा करारनामा नोंदविला की मालकी पूर्ण झाली, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. म्हणून प्रस्तुत लेखात या दोहोंतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन स्वरूपे

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थेत जमीन व इमारत संस्थेच्या नावे होणे अपेक्षित असते. सदस्याकडे भागपत्र आणि सदनिका वापरण्याचा हक्क असतो. येथे सदनिका लहान असो वा मोठी, मत एकच.

महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० ची रचना याहून वेगळी आहे. यात घोषणापत्र नोंदवून प्रत्येक सदनिकेचा सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा टक्केवारीत ठरविला जातो आणि मतदान व खर्चाची वाटणी त्या टक्केवारीनुसार होते. त्यानंतर प्रत्येक खरेदीदाराच्या नावे अपार्टमेंटचा दस्त होणेही आवश्यक असते. फाटकावर ‘अपार्टमेंट’ असे नाव रंगविले म्हणून इमारत या कायद्याखाली येत नाही. आपल्याकडे हा गोंधळ फार आहे.

दैनंदिन कारभार

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, तर पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आकारली जाते. बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात जमा करावयाची असते. नळाला रोज पाणी येईल याची शाश्वती नसलेल्या शहरांत टाकी, मोटर व कूपनलिका यांवरच बराच पैसा जातो आणि हा निधी दुर्लक्षित राहतो. बदलीमुळे सदनिका भाड्याने देणाऱ्या प्राध्यापकांनी हेही लक्षात ठेवावे की, २००१ च्या शासन आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही.

थकबाकीच्या बाबतीत सोसायटीची बाजू भक्कम आहे. तिला निबंधकाकडून वसुली दाखला मिळू शकतो. अपार्टमेंट संघाची थकबाकी सदनिकेवर बोजा ठरते खरी, परंतु वसुलीसाठी सामान्यतः दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते.

अभिहस्तांतरणाचा प्रश्न

खरी अडचण जमिनीची आहे. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियम, १९६३ व त्याखालील नियमांनुसार, करारात वेगळी मुदत ठरलेली नसल्यास, संस्था नोंदणीनंतर चार महिन्यांत विकसकाने जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावयाची असते. ते न झाल्यास सातबारा उताऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर जुनेच नाव राहते. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आली की मग रहिवाशांना कळते की आपल्या पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच आहे.

यावर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजेच बोलभाषेतील ‘डीम्ड कन्व्हेयन्स’चा मार्ग खुला केला. विकसक टाळाटाळ करीत असल्यास संस्थेने सक्षम प्राधिकारी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. विकसकास म्हणणे मांडण्याची संधी देऊन सहा महिन्यांच्या आत निर्णय देण्याची तरतूद आहे. प्रकरण योग्य आढळल्यास तसे प्रमाणपत्र मिळते आणि त्याआधारे विकसकाच्या सहीवाचून एकतर्फी दस्त नोंदविता येतो.

अर्जासोबत सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे, मंजूर नकाशा, जमिनीचे उतारे इत्यादी कागदपत्रे लागतात. इमारत नवी असताना ती एका फायलीत सापडतात. वीस-पंचवीस वर्षांनी मूळ जमीनमालक हयात नसतो, वारस पुण्याला किंवा सुरतेला स्थायिक झालेले असतात आणि नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवावी, येथपासून समितीच्या कामाला सुरुवात होते.