म्हैसूरचा चंदन तेल कारखाना : बुकणीचंही मोल

राजवाडा, चामुंडी आणि वृंदावन झालं की म्हैसूरला आलेला मराठी पर्यटक रेशमी साड्यांकडे वळतो. मानंदवाडी रस्त्यावरचा सरकारी चंदन तेल कारखाना मात्र बहुतेकांच्या यादीत नसतो. तो असायला हवा.

कारखाना 1916 चा. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची युरोपला होणारी निर्यात थांबली आणि संस्थानात लाकूड पडून राहिलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो आणि वॉटसन यांनी तेल काढून दाखवलं होतं. नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्यांनी मग म्हैसुरातच कारखाना उभारला.

वनखात्याच्या डेपोत, म्हणजे चंदन कोठीत, लाकडाच्या तब्बल 18 प्रती लावायची पद्धत आहे. किमान नऊ किलोचा निर्दोष ओंडका ‘विलायत बुध’. त्याहून लहान तो ‘चायना बुध’, मग ‘पंजम’. गाठी आणि चिरा असलेला ‘घाट बदला’, आतून पोखरलेला ‘जाजपोकळ’. पुढे कपच्यांचे ‘चिल्टा’ प्रकार, मग तासताना उडालेली ‘बसोला बुकणी’ आणि शेवटी करवतीचा भुसा. दुसऱ्या लाकडाच्या वखारीत जे झाडून फेकतात, त्यालाही इथे नाव आहे, वजन आहे, भाव आहे. जंगल जपण्याची सुरुवात अशा हिशेबातून होते, असं मला मनापासून वाटतं.

चंदन तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. कारण सर्वाधिक तेल मुळांत असतं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो, तेल फक्त आतल्या गाभ्यात. गाभ्याची भुकटी करून वाफेवर तेल काढतात. उरलेला चोथाही वाया जात नाही, तो अगरबत्तीवाले नेतात.

एवढी काटकसर असूनही जंगलातलं चंदन आटलंच. चोरी, वणवे आणि ‘स्पाइक’ रोगाने ते खाल्लं. टिपू सुलतानापासून हे झाड राजाचं. शेतकऱ्याच्या बांधावर उगवलं तरी मालकी सरकारची. मग कोण कशाला जपेल? कर्नाटकाने 2001 मध्ये कायदा बदलून मालकी शेतकऱ्याला दिली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

आता आपल्याकडेही शेतकरी चंदन लावत आहेत. त्यांना एकच विनंती : हे अर्धपरजीवी झाड शेजारच्या मुळांतून पोषण घेतं. ते एकटं लावू नका. सुरुवातीला तूर आणि पुढे एखादं टिकाऊ यजमान झाड जवळ हवंच. आणि लवकर पैशाचं आश्वासन देणाऱ्याला विचारा, गाभा भरायला किती वर्षं लागतात.