इंजिनाचा श्वास आणि खिशाचा हिशेब

गाडी अधिक चपळ व्हावी आणि पेट्रोल मात्र कमी प्यावे, ही प्रत्येक वाहनधारकाची सुप्त इच्छा असते. या इच्छेला साद घालणाऱ्या वस्तूंमध्ये 'परफॉर्मन्स एअर फिल्टर'चे स्थान बरेच वरचे आहे. कंपनीने बसविलेला कागदी फिल्टर काढायचा आणि त्या जागी तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर बसवायचा. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो, पिकअप वाढतो, ॲव्हरेज सुधारते, असे विक्रेते सांगतात. वाहन कर्जाच्या निमित्ताने शाखेत येणारे तरुण ग्राहकही याविषयी उत्साहाने बोलतात. या म्हणण्यात तथ्य किती?

इंजिनाची हवेची भूक मोठी असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! मिनिटाला ३००० फेरे घेणारे १२०० सीसीचे इंजिन पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर मिनिटाला सुमारे १८०० लिटर हवा ओढू शकते. एवढ्या हवेतील धूळ अडवायची आणि तरीही वाट मोकळी ठेवायची, हे फिल्टरचे काम. घड्या घातलेला तो साधा कागद उलगडला, तर त्याचे क्षेत्रफळ पाहून आश्चर्य वाटते.

मग अधिक मोकळ्या फिल्टरने ॲव्हरेज का वाढू नये? याचे उत्तर थ्रॉटलमध्ये आहे. आपण ॲक्सिलरेटर अर्धवट दाबतो, तेव्हा पेट्रोल इंजिनाच्या हवेची वाट थ्रॉटलची झडपच अडवून धरते. त्या अडथळ्यापुढे स्वच्छ फिल्टरचा अडथळा नगण्य असतो. शहरातील बहुतेक प्रवास असाच अर्धवट दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर होतो. शिवाय आजच्या इंजिनातील संवेदक आत आलेल्या हवेचा आणि धुरातील प्राणवायूचा अंदाज घेतात व त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण ठरते. हवा कमी आली, तर पेट्रोलही कमी सोडले जाते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागासाठी ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हीच गोष्ट तपासली. इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत मुद्दाम चोंदलेले फिल्टर घालूनही इंधनवापरात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र मंदावली. फिल्टर बदलल्यावर ती सुमारे ६ ते ११ टक्क्यांनी सुधारली. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ॲव्हरेजही २ ते ६ टक्क्यांनी सुधारते, असे आढळले. 'फिल्टर बदला, पेट्रोल वाचवा' हा वडिलधाऱ्यांचा सल्ला त्यांच्या काळातील गाड्यांसाठी रास्त होता, तो असा. येथे तुलना चोंदलेल्या आणि स्वच्छ फिल्टरची होती, हे विशेष. चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेज घटत नसेल, तर स्वच्छ फिल्टरहून मोकळ्या फिल्टरने ते वाढणार कसे?

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता थोडा लाभ संभवतो. शर्यतीत त्याला मोल आहे. पण उटीला गेल्यावर, सुमारे २२०० मीटर उंचीवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक-पंचमांश विरळ असते. त्यापुढे फिल्टरचा एखादा टक्का कोणाच्या लक्षात येणार? बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर बसवणाऱ्यांची तर आणखी फसगत होते. तो इंजिनाभोवतीची गरम हवा ओढतो आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हवा सुमारे तीन टक्क्यांनी विरळ होते. आवाज मात्र दमदार येतो आणि कान पायाला फसवतात.

हे सारे मी अनुभवाअंती लिहीत आहे. बदली होऊन बिकानेरला गेलो, तेव्हा एका सहकाऱ्याच्या आग्रहाने मीही असा फिल्टर घेतला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने टाकी फुल्ल करून नोंदी ठेवण्याची सवय होती. आधीच्या चार महिन्यांचे सरासरी ॲव्हरेज १६.४, नंतरच्या चार महिन्यांचे १६.५. एवढा फरक तर पंपावर टाकी कमी-अधिक भरल्यानेही पडतो. खरा धक्का सर्व्हिसिंगच्या वेळी बसला. मेकॅनिकने फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडील नळीतून बोट फिरवून मला दाखवले. बोटावर वाळवंटातील पिवळसर बारीक धूळ होती. दोष जाळीचा, कडेने नीट न बसलेल्या रबराचा, की धुतल्यावर तेल कमी लावणाऱ्या माझा, हे मी सांगू शकत नाही. तेल जास्त लावावे, तर ते हवा मोजणाऱ्या संवेदकावर बसण्याची भीती. कागदी फिल्टरमध्ये ही कसरतच नाही. उलट त्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक कण अडवतो. सिलिंडर आणि रिंग घासून काढणारी धूळ एकदा आत गेली, की इंजिन ऑइल पिऊ लागते आणि त्या दुरुस्तीपुढे फिल्टरची किंमत क्षुल्लक ठरते.

आता हिशेब. वर्षाला दहा हजार किलोमीटर, लिटरला १६ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर वार्षिक खर्च ६२,५०० रुपये. पाच टक्के पेट्रोल वाचते, हा दावा खरा मानला तर ३,१२५ रुपये वाचतील आणि पाच हजारांचा फिल्टर दोन वर्षांच्या आत वसूल होईल. हेच गणित दुकानात ऐकवले जाते. पण पेट्रोल वाचतच नसेल, तर बचत उरते ती केवळ दरवर्षीच्या कागदी फिल्टरची, समजा चारशे रुपयांची. म्हणजे वसुलीला साडेबारा वर्षे, तीही धुण्याचे द्रावण आणि तेल फुकट मिळाले तर! खाजगी गाडीची नोंदणीच मुळी पंधरा वर्षांची असते. ही रक्कम कर्जात मिसळली, तर व्याज वेगळे. हौस म्हणून बसवायचाच असेल, तर आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि विमा कंपनीलाही कळवावे.

बिकानेरला असेपर्यंत मी पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच कागदी फिल्टर बदलत असे. कंप्रेसरने उलटसुलट हवा मारून जुनाच परत बसवण्याचा मोह टाळला, कारण त्याने कागद फाटू शकतो. काढलेला तो महागडा फिल्टर अजून घरी माळ्यावर आहे. विकत घेऊ इच्छिणारे दोघेतिघे भेटले, पण त्यांना मी आधी ॲव्हरेजची वही दाखवली.