नैराश्यावरील औषधे: गुण येण्यापूर्वीचे अवघड दिवस

डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात आराम देते, तापाची गोळी घेतली की संध्याकाळपर्यंत अंग हलके होते. औषध म्हणजे काय, याविषयीची सर्वसामान्य कल्पना अशा अनुभवांवर घडलेली असते. नैराश्यावरील औषधांच्या बाबतीत हीच कल्पना रुग्णाचा घात करते.

फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटॅलोप्रॅम ही आज सर्रास दिली जाणारी औषधे. त्यांचा गुण साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जाणवू लागतो आणि पुरता अंदाज येण्यास सहा ते आठ आठवडे जातात. दुष्परिणाम मात्र थांबत नाहीत. मळमळ, डोकेदुखी, बिघडलेली झोप, पोटाच्या तक्रारी, कधी वाढलेली अस्वस्थता हे सारे पहिल्या काही दिवसांतच हजर होते. म्हणजे त्रास आधी आणि लाभ नंतर. दहाव्या दिवशी घरातले कोणीतरी म्हणते, "या गोळ्यांनी तर तू अधिकच खचलीस," आणि पाकीट कपाटात जाते. वास्तविक यातील बरेचसे त्रास एकदोन आठवड्यांत ओसरतात. हे वेळापत्रक चिठ्ठी लिहितानाच समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो भाग हमखास गळतो.

हा विलंब का होतो, याचे उत्तर अजून पूर्णपणे हाती आलेले नाही. या औषधांची पहिली पिढी तर योगायोगानेच सापडली. 1950च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले जात असता त्यांच्या वृत्ती उल्हसित झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. ही औषधे मेंदूतील सेरोटोनिनसारखी संदेशवाहक द्रव्ये वाढवतात असे पुढे आढळले आणि त्यावरून 'सेरोटोनिन कमी पडले की नैराश्य येते' हे सुटसुटीत स्पष्टीकरण रूढ झाले. पण पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडले होते, असे कोणी म्हणत नाही. शिवाय सेरोटोनिनवरील परिणाम काही तासांतच सुरू होतो. मन मात्र आठवडे घेते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात या कमतरतेच्या सिद्धांताला सुसंगत पुरावा आढळला नाही. त्यावरून 'औषधेच निरुपयोगी' असा निष्कर्ष काहींनी काढला, तो चुकीचा होता. औषध कसे काम करते आणि ते काम करते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चेतापेशींमधील जोडण्यांत हळूहळू होणाऱ्या बदलांमुळे गुण येत असावा, असे आज अनेक संशोधक मानतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात 522 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. प्रौढांच्या तीव्र नैराश्यात सर्व 21 औषधे प्लेसिबो म्हणजे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. फरक मात्र सरासरीने माफकच होता. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे रुग्ण सुमारे एक तृतीयांश असतात. इतरांना मात्रा किंवा औषध बदलावे लागते, अथवा समुपदेशनाची जोड द्यावी लागते. नैराश्य सौम्य असेल तर बहुधा बोलण्याच्या उपचारांपासूनच आरंभ केला जातो. त्यांचे सामर्थ्य दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास गोव्यातलाच आहे. येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत दिलेल्या उपचाराने तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही लाभ झाल्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'ने 2017 मध्ये छापले.

गोळ्या सोडण्याचा दुसरा चुकीचा क्षण येतो तो बरे वाटू लागल्यावर. लक्षणे गेल्यानंतरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावे लागते, अन्यथा आजार उलटण्याची शक्यता वाढते. ज्यांना नैराश्याचे झटके वारंवार आले आहेत, त्यांना याहून अधिक काळ. एकाएकी बंद केल्यास चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने, काहींच्या बाबतीत कित्येक महिने घेऊन, उतरवतात. हे त्रास म्हणजे व्यसन नव्हे. या गोळ्यांची तल्लफ येत नाही. 'सवय लागते' ही भीती बऱ्याचदा सोबत दिलेल्या अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या वा चिंतेच्या गोळीमुळे निर्माण होते. तिची सवय खरोखरच लागते आणि ती थोड्याच काळापुरती असावी. कोणती गोळी कशासाठी, हे रुग्णाने विचारून घ्यावे.

आणखी एका दुष्परिणामाविषयी घरात काय, दवाखान्यातही बोलले जात नाही. कामेच्छा मंदावणे, संबंधांत अडचण येणे ही या औषधांची वारंवार आढळणारी तक्रार आहे आणि अनेक जण तीमुळेच गुपचूप औषध सोडतात. मात्रा कमी करून वा औषध बदलून यावर पुष्कळदा मार्ग निघतो, पण डॉक्टरांना कळले तरच.

काही रुग्णांबाबत अधिक सावधगिरी लागते. पंचविशीच्या आतील तरुणांमध्ये आरंभीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तेव्हा घरच्यांनी त्यांना एकटे पाडू नये. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना दिवस काढण्याचा काळ येऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण द्विध्रुवीय आजारात नुसती नैराश्यावरील गोळी उन्माद जागवू शकते. वृद्धांमध्ये रक्तातील सोडियम घटू शकते; सांधेदुखीच्या गोळ्या सोबत असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पुढच्या तपासणीची तारीख लांब असेल आणि मन अगदीच आवरेनासे झाले तर तारखेची वाट पाहू नये. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी आहे, आणि 14416 या 'टेली-मानस'च्या निःशुल्क क्रमांकावर देशात कोठूनही, कोणत्याही वेळी बोलता येते.