सायकल हैदराबादेत घेतली, तरी तक्रार गोव्यात

समजा, म्हापशाच्या एका विद्यार्थ्याने उस्मानिया विद्यापीठाजवळच्या विद्यानगरात नवी सायकल घेतली. काही महिन्यांतच तिच्या फ्रेमला वेल्डिंगपाशी तडा गेला. दुकानदाराने हात वर केले आणि शिक्षण संपवून विद्यार्थी सायकलीसह घरी परतला. १९८६ च्या कायद्यानुसार दाद मागण्यासाठी त्याला पुन्हा हैदराबादच गाठावे लागले असते. एवढ्या रकमेसाठी हा खटाटोप कोण करणार?

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही अडचण दूर केली. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हापशाच्या रहिवाशासाठी तो पर्वरीला आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

खरी कसोटी पुराव्याची. सायकल आपटली असेल, हा विक्रेत्याचा ठरलेला बचाव. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून तडा गेलेली फ्रेम स्वतः जोडून घेऊ नये. पुरावाच नाहीसा होतो. छायाचित्रे काढावीत, बिल आणि फ्रेमवर कोरलेला क्रमांक जपावा आणि विक्रेता व उत्पादक दोघांनाही लेखी कळवावे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या बिलावरील ओळीने बिचकण्याचे कारण नाही. सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही कायद्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवून पाहावी.